आजोबांची प्रार्थना, नातीचे नृत्य

घरातील एखादे माणूस दीर्घ दुखण्याने अंथरुणास खिळले म्हणजे काय घडते, हे आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले आहे. आरंभीचे काही दिवस शेजारीपाजारी येतात, फळे आणतात, धीराचे दोन शब्द बोलून जातात. पुढे दुखणे लांबत जाते तशी येणाऱ्यांची रीघ ओसरते. औषध वेळच्या वेळी दिले जाते, डॉक्टरांची भेट होते, पथ्यपाणी सांभाळले जाते. परंतु रोग्याच्या मनात साठलेली भीती, संताप आणि एकटेपणा यांची विचारपूस करावयास कोणी उरत नाही. रोग शरीराचा असतो, पण दुखणे सबंध माणसाचे असते. त्या दुखण्यावर कोणी काय करावे?

या प्रश्नाला अमेरिकेतील एका स्त्रीने आपल्या परीने जे उत्तर शोधले, त्याची हकीगत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्या स्त्रीचे नाव अ‍ॅना हाल्प्रिन. १३ जुलै १९२० रोजी त्या जन्मल्या आणि वयाची शंभर वर्षे पुरी करून २४ मे २०२१ रोजी निवर्तल्या. व्यवसायाने त्या नर्तकी होत्या. नर्तकी हा शब्द कानी पडताच रंगमंच, दिवे, झगमगीत पोशाख आणि टाळ्यांचा कडकडाट यांचे चित्र मनात उभे राहते. अ‍ॅनाबाईंनीही ते सारे अनुभवले. परंतु आयुष्याच्या मध्यावर त्यांची वाट वळली, आणि आपली कला त्यांनी रोग्यांच्या, वृद्धांच्या, भयभीत गावकऱ्यांच्या व एकमेकांशी वैर धरून बसलेल्या माणसांच्या हाती दिली.

आजोबांचे डोलणे

अ‍ॅनाबाईंचा जन्म इलिनॉय राज्यात, शिकागो शहराच्या परिसरात, एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांच्या आजोबांना इंग्रजी येत नसे. त्यामुळे आजोबा आणि नात यांच्यात संभाषण असे फारसे होत नसे. लहानगी अ‍ॅना वडीलधाऱ्यांबरोबर सिनेगॉगमध्ये जाई आणि आजोबांना प्रार्थना करताना पाही. हसिदी पंथाच्या ज्यू लोकांत सबंध देहाने प्रार्थना करण्याची रीत आहे. आजोबा डोलत, हात उंचावीत, पायांनी ठेका धरीत आणि भान हरपून नाचू लागत. त्यांची ती लांब शुभ्र दाढी पाहून, देव तो हाच, आणि देव नाचतो, असे त्या बालिकेला वाटे. पुढे मोठेपणी त्या सांगत की, आजोबांच्या त्या नाचात जेवढा अर्थ होता तेवढाच अर्थ असलेले नृत्य आपण जन्मभर शोधीत राहिलो.

आमच्या वाचकांना येथे दावीद राजाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कराराचा कोश यरुशलेम नगरीत आणला जात असता तो थोर राजा आपली प्रतिष्ठा विसरून नाचला, आणि त्याची राणी मीखल हिला खिडकीतून ते दृश्य पाहून त्याची लाज वाटली. माणसाचे शरीर हेही बोलण्याचे व आळवण्याचे साधन आहे, ही जाण फार जुनी आहे. आणि त्या शरीराला हसणारेही तितकेच जुने आहेत.

अ‍ॅनाबाईंचे उच्च शिक्षण विस्कॉन्सिन विद्यापीठात झाले. तेथे मार्गारेट हडब्लर या विदुषी नृत्य शिकवीत. त्या मुळात जीवशास्त्राच्या अभ्यासक. त्यांच्या वर्गात माणसाच्या हाडांचा सांगाडा असे. अमुक पाऊल असे टाका, हात असा वळवा, असे त्या सांगत नसत. खांद्याचा सांधा कसा फिरतो, कणा कसा वाकतो, हे समजून घ्या आणि त्यातून आपली हालचाल आपणच शोधा, अशी त्यांची पद्धत होती. या शिकवणीमुळे नृत्य ही निवडक देखण्या व लवचिक माणसांची मिरास नसून, ज्याला शरीर आहे त्या प्रत्येकाची ती ठेव आहे, हा विचार अ‍ॅनाबाईंच्या मनात कायमचा रुजला.

झाडांमधील अंगण

१९४० साली त्यांचा विवाह लॉरेन्स हाल्प्रिन यांच्याशी झाला. बागा, चौक आणि मोकळ्या जागा यांची रचना करणारे ते पुढे नामांकित स्थापत्यकार झाले. वॉशिंग्टन शहरातील राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांचे स्मारक हे त्यांच्याच कल्पनेतून उतरले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हे दांपत्य कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ स्थायिक झाले. टॅमल्पायस नावाच्या पर्वताच्या उतारावर त्यांनी घर बांधले, आणि १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच लॉरेन्स यांनी घराखालच्या रानात पत्नीसाठी लाकडी फळ्यांचे एक विस्तीर्ण अंगण उभारले. त्याला भिंती नाहीत, छप्पर नाही. झाडांना वळसे घालीत ते पसरले आहे. येथे नाचणाऱ्याला वारा, ऊन, पाखरांचा आवाज आणि पालापाचोळा यांच्या संगतीत नाचावे लागे. १९६० च्या उन्हाळ्यात या अंगणावर भरलेल्या शिबिरास सिमोन फोर्टी, ट्रिशा ब्राउन आणि इव्हॉन रेनर या तरुणी आल्या होत्या. पुढे त्या तिघींनीही अमेरिकन नृत्यकलेत मोठे नाव मिळविले.

त्या काळातील अ‍ॅनाबाईंचे सर्वच प्रयोग आमच्या वाचकांना रुचतील असे आम्ही म्हणत नाही. १९६५ साली स्टॉकहोम येथे झालेल्या त्यांच्या एका प्रसिद्ध प्रयोगात नर्तक सावकाश वस्त्रे उतरवून पुन्हा परिधान करीत. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यावरून कायदेशीर कारवाईचा प्रसंग ओढवला. हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. परंतु त्यांच्या आयुष्याचा अधिक मोलाचा भाग याहून निराळा आहे, आणि आम्हांला वाचकांचे लक्ष तिकडेच वेधावयाचे आहे.

दोन दारे

लॉस एंजलिस शहराच्या वॉट्स या वस्तीत त्या काळी बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते. ऑगस्ट १९६५ मध्ये तेथे मोठा वणवा पेटला. पोलिसांशी झालेल्या एका चकमकीतून दंगल उसळली आणि सहा दिवसांत ३४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर वॉट्समधील एका कलाशाळेच्या चालकांनी अ‍ॅनाबाईंना प्रयोग करण्याचे निमंत्रण दिले. अ‍ॅनाबाईंनी उत्तर पाठविले, त्याचा आशय असा की, आपल्याला तुमच्यासाठी प्रयोग करावयाचा नाही, तुमच्याबरोबर करावयाचा आहे.

मग कित्येक महिने दर शनिवारी त्या वॉट्सला जात राहिल्या. तेथे कृष्णवर्णीय तरुणांचा एक गट आणि इकडे सॅन फ्रान्सिस्कोत गौरवर्णीय तरुणांचा दुसरा गट, असे दोन गट त्यांनी वेगवेगळे तयार केले. दोघांनाही कामे तीच दिली. त्यानंतर दोन्ही गट एकत्र आणले आणि काही दिवस त्यांना एकमेकांच्या सहवासात ठेवले. त्या दिवसांत अढी, आकर्षण, हेवा, भीती, राग, जे जे वर आले ते झाकून न ठेवता त्यातूनच प्रयोग रचला गेला. १९६९ साली लॉस एंजलिस येथे तो लोकांपुढे आला. प्रेक्षकांना नाट्यगृहात शिरावयास दोन दारे होती. एका दारात काळे नर्तक ओळीने उभे, दुसऱ्या दारात गोरे. आत जाणाऱ्या प्रत्येकाला क्षणभर थांबून विचार करावा लागे: मी कोणत्या दाराने जाऊ? शेवटी नर्तक आणि प्रेक्षक मिळून बाहेरच्या चौकात आले.

एका रात्रीच्या खेळाने वर्णद्वेष नाहीसा होत नाही, हे उघड आहे. परंतु ज्या माणसाने आपले दार निवडताना स्वतःच्या मनाची चलबिचल पाहिली, तो घरी गेला तो काही प्रश्न बरोबर घेऊनच गेला असेल. गावात, आळीत, कधी एकाच कुटुंबात आपणही अशी दारे करून ठेवलेली असतात. फरक इतकाच की, तेथे आपल्याला थांबवून विचारणारे कोणी नसते.

चित्रातील काळा गोळा

आता आम्ही या हकीगतीच्या गाभ्याशी येत आहोत. अ‍ॅनाबाई आपल्या शिष्यांना स्वतःची चित्रे काढावयास लावीत. चित्रकला येवो वा न येवो, मनात आहे ते कागदावर उतरवावयाचे आणि मग त्या चित्राप्रमाणे नाचावयाचे. १९७२ साली त्यांनी स्वतःचे असेच एक चित्र काढले. त्यात ओटीपोटाच्या जागी एक गडद गोळा उमटला. त्याप्रमाणे नाचण्याचा त्यांनी यत्न केला, पण शरीर तयार होईना. मनातील शंका जाईना, तेव्हा त्या डॉक्टरांकडे गेल्या. तपासणीअंती त्या जागी कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया झाली. तीन वर्षांनी, १९७५ साली, रोगाने पुन्हा डोके वर काढले.

त्या वेळी त्यांनी पुन्हा चित्र काढले. प्रथम काढलेली आकृती तरुण, निरोगी, रंगीत अशी होती. ती खोटी आहे, हे त्यांचे त्यांनाच उमगले. त्या आकृतीप्रमाणे त्यांना नाचता येईना. मग त्यांनी कागद उलटला आणि पाठच्या बाजूला काळी, संतप्त, भीषण आकृती रेखाटली. घरची माणसे व शिष्य यांना त्यांनी साक्षीदार म्हणून भोवती बसविले आणि त्यांच्यासमोर त्या आकृतीचे नृत्य केले. आक्रोश केला, किंचाळल्या, थकून भुईवर कोसळल्या. तो सारा उद्रेक ओसरल्यावरच त्या पहिल्या चित्राकडे वळल्या, आणि आता त्यांना वाहत्या पाण्याप्रमाणे शांतपणे नाचता आले. त्यानंतर रोग मागे हटला, असे त्या सांगत. पुढे त्या चाळीसहून अधिक वर्षे जगल्या.

येथे आम्ही वाचकांना एक गोष्ट अगदी स्पष्टपणे सांगू इच्छितो. नाचल्याने कर्करोग बरा होतो, असा या हकीगतीचा अर्थ कोणी काढू नये. एका माणसाच्या अनुभवावरून औषधाचा नियम ठरत नसतो. अ‍ॅनाबाई स्वतः डॉक्टरांकडे गेल्या होत्या, त्यांची शस्त्रक्रिया झाली होती, हे विसरता कामा नये. अंगावर गाठ दिसली, रक्त पडू लागले किंवा वजन झपाट्याने घटू लागले, तर एक दिवसही न दवडता दवाखान्याची वाट धरावी. अंगारे, गंडे, झाडपाल्याचे खात्रीचे उपाय यांच्या नादी लागून वेळ घालविल्यामुळे किती घरांतील कर्ती माणसे हकनाक गेली, हे आपण जाणतोच.

रोग बरा होणे आणि माणूस सावरणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे अ‍ॅनाबाईंच्या कार्याने शिकविले. पहिली गोष्ट वैद्यकाच्या हाती आहे. दुसरी मात्र रोगी आणि त्याची माणसे यांनाच करावी लागते. पहिली साधली नाही तरी दुसरी साधू शकते; मरणाच्या दारी असलेले माणूसही सावरलेले असू शकते. या सावरण्याच्या पाच पायऱ्या अ‍ॅनाबाईंनी सांगितल्या. आपल्याला काय झाले आहे ते ओळखणे, ही पहिली. त्याला सामोरे जाणे, ही दुसरी. कोंडलेले मोकळे करणे, ही तिसरी. त्यानंतर येतो बदल, आणि बदलानंतर वाढ. दुखणे आले म्हणजे आपण पहिल्या पायरीवरून एकदम पाचवीवर उडी मारावयास पाहतो. रोग्याला म्हणतो, "काही नाही, सगळे ठीक होईल." त्याच्या रागाला आणि रडण्याला आपण जागाच ठेवीत नाही. अ‍ॅनाबाईंना आधी कागदाच्या पाठची काळी आकृती नाचावी लागली, मगच पुढची रंगीत आकृती खरी झाली.

या आजारानंतर त्यांच्या कामाची दिशाच पालटली. पूर्वी जगणे कलेसाठी होते, आता कला जगण्यासाठी झाली, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. १९७८ साली कन्या डारिया यांच्यासह त्यांनी एक संस्था स्थापन केली. हालचाल, चित्र आणि शब्द या तिन्हींच्या साहाय्याने लोकांना सावरण्याची वाट दाखविणारे शिक्षक तेथे तयार होऊ लागले.

भयाखालचा पर्वत

१९७९ ते १९८१ या काळात टॅमल्पायस पर्वतावरील व आसपासच्या रानवाटांवर अनेक स्त्रियांचे खून झाले. वाटा बंद करण्यात आल्या. ज्या डोंगरावर लोक मुलाबाळांसह फिरावयास जात, त्याच्याकडे पाहण्याचीही भीती वाटू लागली. त्याच सुमारास अ‍ॅनाबाई व लॉरेन्स हे दोघे तेथील महाविद्यालयात गावकऱ्यांसाठी शिबिरे चालवीत होते. आपल्या परिसराची चित्रे काढा, असे सांगितले की लोकांच्या कागदांवर तो पर्वतच पुन्हा पुन्हा उमटू लागला. मनात काय दडले आहे ते उघड झाले.

लॉरेन्स यांनी सामुदायिक कामाची एक पद्धत बसविली होती व १९६९ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली होती. आधी आपल्याजवळ काय आहे ते पाहावयाचे: माणसे, जागा, वस्तू, हेतू. मग कामाची आखणी करावयाची. ती सर्वांना दिसेल अशी उघड्यावर मांडावयाची. कोणी, कोठे, केव्हा, काय करावयाचे ते आखणीत असते. कसे करावयाचे ते मात्र करणाऱ्यावर सोपविलेले असते. त्यानंतर प्रत्यक्ष प्रयोग, आणि मग काय जमले, काय फसले, याचा सर्वांनी मिळून विचार करून आखणीत सुधारणा. पुढारी हुकूम देतो आणि बाकीचे मान डोलावतात, असा प्रकार यात नाही.

या पद्धतीने १९८१ च्या वसंतात त्या लोकांनी नृत्यविधी रचला. खुनांचे भय त्यांनी त्यात उघडपणे उभे केले. त्यानंतर ते समुदायाने पर्वतावर गेले आणि त्या भयाण झालेल्या वाटांनी चालत खाली उतरले. पुढे काही आठवड्यांतच, मे १९८१ मध्ये, खुनी पकडला गेला. नृत्याने खुनी सापडला, असे आम्ही म्हणत नाही; पोलिसांनी त्याला पकडले. परंतु वाटा उघडल्या तरी त्यांवर पाऊल टाकण्याचे धैर्य पोलीस देऊ शकत नाहीत. ते लोकांना एकमेकांकडूनच मिळवावे लागते, आणि ते त्यांनी मिळविले होते.

पुढे मेक्सिकोतील हुईचोल या आदिवासी जमातीचे एक वयोवृद्ध वैदू तेथे आले. पर्वताची शुद्धी व्हावयाची तर हा विधी पाच वर्षे करा, असे त्यांनी सांगितले. लोकांनी तसे केले. त्यातूनच पुढे १९८७ पासून एक साधे वार्षिक सामुदायिक नृत्य रूढ झाले व ते अनेक देशांत पोहोचले. त्यात ढोलाच्या ठेक्यावर माणसे वर्तुळाकार धावतात. धावण्यापूर्वी प्रत्येक जण आपण कोणासाठी धावत आहोत ते मोठ्याने सांगतो: आजारी आईसाठी, गेलेल्या मित्रासाठी, शांततेसाठी. ज्याला धावता येते तो बाहेरच्या वर्तुळात धावतो. ज्याला धाववत नाही तो आतल्या वर्तुळात चालतो. आणि ज्याला चालवतही नाही तो मध्यभागी उभा राहतो.

स्पर्शाची भीती

१९८० नंतरच्या दशकात एड्स या रोगाने सॅन फ्रान्सिस्को शहरात हाहाकार उडविला. त्या वेळी त्यावर परिणामकारक औषध नव्हते. तरुण माणसे पटापट मरत होती, आणि त्यांना स्पर्श करावयास आप्तही कचरत. अ‍ॅनाबाईंनी अशा रोग्यांचे गट तयार केले, पुरुषांचा वेगळा, स्त्रियांचा वेगळा. १९८९ साली त्यांनी मोठा सामुदायिक विधी योजला. त्यात रोगी आणि निरोगी शंभराहून अधिक माणसे एकत्र आली. रोगी धावत पुढे येत आणि आपल्याला जगावयाचे आहे, असे ओरडून सांगत. बाकीचे त्यांच्या भोवती उभे राहून त्यांना बळ देत. त्यांतील कित्येक पुढे दगावले. पण माणसांच्या मेळ्यात आपल्याला स्थान आहे, हे जाणून ते गेले. कुष्ठरोग्याला हात लावणाऱ्या प्रभूची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती ऐकणे सोपे आहे. हात पुढे करणे कठीण आहे.

म्हातारपणही अ‍ॅनाबाईंनी लपविले नाही. पती अत्यवस्थ होऊन रुग्णालयात पडले असता जे पाहिले व सोसले, त्यावर त्यांनी २००० साली मरण याच विषयाचा एक प्रयोग रचला. तेव्हा त्यांचे वय सुमारे ८० होते. २००५ साली त्यांनी सॅन राफाएल गावी तळ्याकाठी अनेक वृद्धांना झुलत्या खुर्च्यांवर बसवून सामुदायिक नृत्य केले. खुर्चीत झुलणे हेच त्यांचे नृत्य. लॉरेन्स २००९ साली वारले. अ‍ॅनाबाई त्यानंतरही शिकवीत राहिल्या.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी डोंगरावर जाऊन वर्तुळात धावावे, असे आम्ही सुचवीत नाही. परंतु आपल्या शेजारी कोणी दुखणाईत असेल, तर पहिल्या चार दिवसांनंतर, चाळिसाव्या दिवशीही, त्याच्या उशाशी जाऊन बसावे. तो संतापला तर त्याला संतापू द्यावे. रडला तर उपदेश न करता ऐकून घ्यावे. पोराच्या हाती खडू देतो तसा कागद त्याच्याही हाती द्यावा. जे बोलता येत नाही ते कदाचित कागदावर उतरेल. घरात सण असेल तेव्हा अंथरुणावरच्या आजीची खाट आतल्या खोलीत सारून न ठेवता माजघरात, सर्वांच्या मधोमध आणावी. ज्याला धावता येत नाही व चालताही येत नाही त्याची जागा त्या वर्तुळात मधोमध होती, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.